काउंटी प्रॉसिक्युटरच्या ऑफिसात नेमकं काय चालतं? (न्यू जर्सी)

रारितनकाठ

मागच्या आठवड्यात "पोलिसांना भेटून केस मिटवता येईल का" असा प्रश्न इथे कुणीतरी विचारला होता. त्यावर पडलेले सल्ले वाचून हा वेगळा धागा काढते आहे. कुणी सांगितलं पोलीस स्टेशनात जाऊन हात जोडा, कुणी सांगितलं जज भला निघाला तर सुटाल. या दोघांच्या मधे काउंटी प्रॉसिक्युटरचं, म्हणजे काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मुख्य सरकारी वकिलाचं, ऑफिस असतं, त्याचा कुणी उल्लेखही केला नाही. केस कुठल्या कोर्टात जाणार, माणूस खटल्यापर्यंत आत राहणार की घरी, कलम उतरणार की तसंच राहणार, यातलं बरंचसं या ऑफिसात ठरतं. जजसमोर कागद येईपर्यंत पुष्कळ काही होऊन गेलेलं असतं.

मी कोर्टात दुभाषी आहे, मराठी आणि हिंदी. वकील नाही, त्यामुळे हे कायदेशीर सल्ला म्हणून घेऊ नका. ज्या केसेसवर काम केलंय त्यांच्याबद्दल विचारूही नका, सांगणार नाही.

न्यू जर्सीत २१ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीला एक प्रॉसिक्युटर. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हा माणूस निवडणूक लढवून येतो. आपण टीव्हीवर पाहिलेला डिस्ट्रिक्ट ॲटर्नी तो हाच. इथे निवडणूक नाही. १९४७ च्या राज्यघटनेप्रमाणे गव्हर्नर नाव देतो, राज्याचं सिनेट मान्यता देतं, मुदत पाच वर्षांची, आणि पुढचा येईपर्यंत आधीचाच काम बघतो. १९७० च्या कायद्याने राज्याच्या ॲटर्नी जनरलला या सगळ्यांवर देखरेखीचा अधिकार मिळाला. तो परिपत्रकं काढतो, ती २१ ही ऑफिसांना पाळावी लागतात. वेळ पडली तर एखादी केस, किंवा अख्खं ऑफिसच, तो आपल्या ताब्यात घेऊ शकतो. खर्चाचा मोठा भाग मात्र काउंटीच्या गळ्यात.

ऑफिसचे दोन अर्धे भाग धरा. एकात वकील. प्रॉसिक्युटरच्या खाली फर्स्ट असिस्टंट, त्याखाली वेगवेगळ्या युनिटचे प्रमुख, आणि मग असिस्टंट प्रॉसिक्युटर. कोर्टात रोज उभे राहणारे हे शेवटचे. सगळे त्यांना 'एपी' म्हणतात. दुसऱ्या अर्ध्यात डिटेक्टिव्ह. हे ऑफिसचे स्वतःचे, शपथ घेतलेले, पिस्तूल लावणारे, अटक करू शकणारे पोलीस. त्यांची सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन अशी वेगळी उतरंड आणि वर चीफ. काउंटीत कुठेही खून झाला की गावचे पोलीस आणि हे डिटेक्टिव्ह मिळून तपास करतात, आणि सूत्रं सहसा यांच्याकडे असतात. लहान मुलांवरचे अत्याचार, लैंगिक गुन्हे, मोठे आर्थिक घोटाळे, जीवघेणे अपघात यांची खास युनिटं असतात. अपील बघणारे एपी वेगळे. ते दिवसभर वाचतात आणि लिहितात, साक्षीदाराचं तोंड क्वचित बघतात. जप्त केलेल्या गाड्या नि रोकड यांच्या मागे लागणारं एक युनिट असतं. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटलेला माणूस किती धोक्याचा, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवायचं की फक्त पोलिसांना, ही पायरी ठरवण्याचं कामही काउंटी प्रॉसिक्युटरचंच. १९९४ मध्ये मर्सर काउंटीतल्या हॅमिल्टनमध्ये सात वर्षांच्या मेगन कांकाचा खून झाला, त्यानंतर आलेल्या कायद्याने हे काम यांच्याकडे आलं.

आता रोजच्या उपयोगाचं. कुणाला कंप्लेंटचा कागद मिळाला तर आधी त्यावरचा नंबर बघा. सुरुवातीला 'एस' असेल तर समन्स: तारखेला हजर राहा, घरी जा. 'डब्ल्यू' असेल तर वॉरंट: आधी काउंटी जेल, मग पुढचं. त्यानंतर वर्ष, मग अनुक्रमांक, आणि शेवटी चार आकडे. त्यातले पहिले दोन काउंटीचे, पुढचे दोन गावचे. १२०५ म्हणजे मिडलसेक्समधलं एडिसन, ०९०६ म्हणजे हडसनमधलं जर्सी सिटी. लोक घाबरून वकिलाला फोन करतात आणि कागद हातात असून नंबर सांगत नाहीत. तोच वकील पहिल्यांदा विचारतो.

खवचट_खानावळ

थोडक्यात, ज्याला मत देता येत नाही त्याच्या हातात सगळं, आणि पगार आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून. जर्सीत नवीन काय!

टिळकरोड_ते_ओकट्रीरोड

@खवचट, मत देता आलं असतं तरी तुम्ही दिलं असतं का? स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला किती जण जातात ते बघा आधी.

ताई, फार उपयुक्त धागा. वाचते आहे.

रारितनकाठ

@खवचट, पैशाचा मुद्दा तुम्ही चेष्टेत काढलात पण त्यात खरंच गंमत आहे. प्रॉसिक्युटरचं बजेट काउंटी कमिशनर मंजूर करतात (२०२१ पर्यंत त्यांना 'फ्रीहोल्डर' म्हणत). त्यांनी हात आखडला तर प्रॉसिक्युटर गप्प बसतो असं नाही. तो त्या विभागाच्या असाइनमेंट जजकडे (विभागातल्या कोर्टांचा कारभार बघणारा मुख्य जज) अर्ज करू शकतो की एवढी माणसं आणि एवढे पैसे नसतील तर मला कायद्याने सोपवलेलं काम होणार नाही. जजला पटलं तर काउंटीला द्यावे लागतात. १९६९ च्या एका निकालावरून या अर्जाला कोर्टात सगळे 'बिग्ली' म्हणतात. कमिशनरांच्या बैठकीत प्रॉसिक्युटरने हा शब्द नुसता उच्चारला तरी वातावरण बदलतं म्हणे.

नेमणुकीचंही कागदावर आहे तितकं सरळ नाही. ज्या काउंटीचा प्रॉसिक्युटर नेमायचा तिथला सिनेटर अडून बसला तर नाव पुढेच सरकत नाही. कुठल्याही कायद्यात न लिहिलेली ही जुनी प्रथा आहे, 'सेनेटोरियल कर्टसी'. मग वर्षानुवर्षं 'ॲक्टिंग प्रॉसिक्युटर' कारभार बघतात. राजधानी ट्रेंटनमध्ये कुणाचं कुणाशी बिनसलंय हे तुमच्या काउंटीतल्या पाटीवर 'ॲक्टिंग' शब्द किती दिवस टिकतो त्यावरून ओळखा.

नागपुरी_वकीलीण

सत्र न्यायालयात वकिली करते, आरोपीच्या बाजूने. डिटेक्टिव्ह आणि वकील एकाच छताखाली हे वाचून थबकले.

आपल्याकडे तपास पूर्णपणे पोलिसांचा. दोषारोपपत्र तेच दाखल करतात. दंडाधिकाऱ्यांसमोर सहायक सरकारी अभियोक्ता, सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील. तपास अधिकारी आणि सरकारी वकील यांची पहिली धड भेट कधी कधी साक्षीच्या सकाळी व्हरांड्यात होते. "साहेब, पंचनाम्यावर सही कुणाची हो ही?" हे संभाषण मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि त्या दिवशी माझा अशील खुशीत घरी गेला.

आपल्याकडे प्रवाह उलटा आहे. अभियोक्ता पोलिसांच्या ताब्यात नको म्हणून दोन्ही वेगळे केले गेले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारलाच तसं सांगितलं होतं, की सहायक अभियोक्त्यांवर पोलीस खात्याचं नियंत्रण राहता कामा नये. जर्सीत पोलीसच अभियोक्त्याच्या हाताखाली. माझ्या मते यात धोका आहे. जो तपास करवतो त्यालाच आपल्या तपासातली भोकं दिसतील कशी?

रारितनकाठ

@नागपुरी_वकीलीण, फार छान मुद्दा. थोडी भर घालते. काउंटीतल्या सगळ्याच केसेसचा तपास ऑफिसचे डिटेक्टिव्ह करत नाहीत. बहुतांश कागद गावच्या पोलिसांकडून येतात आणि ऑफिसचं स्क्रीनिंग युनिट ते चाळतं. तिथे एपी पोलिसांना सरळ परत पाठवतात: व्हिडिओ कुठाय, साक्षीदाराचा जबाब अर्धवट का, हे कलम कुठल्या आधारावर लावलंत. ही चाळणी तुमच्याकडे नाही असं तुमच्या व्हरांड्यातल्या प्रसंगावरून वाटतं.

पण तुमची शंका खोटी नाही. पोलिसाच्या हातून माणूस मेला तर चौकशी कुणी करायची यावर इथे हेच भांडण झालं. पूर्वी बहुतेक वेळा त्याच काउंटीचा प्रॉसिक्युटर करायचा, जो रोज त्याच पोलिसांच्या साक्षीवर केसेस जिंकतो. २०१९ च्या कायद्याने अशा मृत्यूंची चौकशी ॲटर्नी जनरलकडे गेली.

पावसाळी_बेलव्ह्यू

सिएटल भागातून. आमच्या किंग काउंटीत 'प्रॉसिक्युटिंग ॲटर्नी' चार वर्षांनी निवडून येतो, आणि निवडून आला की दशकं बसतो. नॉर्म मॅलेंग १९७९ पासून २००७ मध्ये वारले तोवर त्या पदावर होते.

इथे ऑफिसची रचनाही वेगळी आहे. फौजदारीशिवाय मोठा दिवाणी विभाग आहे. काउंटीवर कुणी दावा लावला, बसच्या अपघाताचा असो की जमिनीचा, तर काउंटीचे वकीलही हेच. मुलांच्या पोटगीची वसुली करणारा विभागही यांच्याकडेच. सिएटल शहरातले किरकोळ गुन्हे मात्र शहराचा वेगळा सिटी ॲटर्नी बघतो.

एका माणसाच्या निर्णयाला किती वजन असतं याचं उदाहरण आमच्याकडचंच. ग्रीन रिव्हर खुनांच्या प्रकरणात (एकाच माणसाने केलेले अनेक बायका-मुलींचे खून) मॅलेंग यांनी आधी जाहीर केलं होतं की फाशीवर घासाघीस करणार नाही. मग आरोपीच्या वकिलांकडून प्रस्ताव आला: फाशी मागू नका, तो सगळे खून कबूल करेल आणि प्रेतं कुठे टाकली ते दाखवेल. ऑफिसकडे तेव्हा थोड्याच खुनांचा पुरावा होता. मॅलेंग यांनी मान्य केलं. नोव्हेंबर २००३ मध्ये त्याने ४८ खुनांची कबुली दिली. "याला फाशी नाही तर मग कुणाला" असं लोक आजही विचारतात. दुसरीकडे, आपली मुलगी कुठे आहे हे वीस वर्षांनी कळलेली कुटुंबं आहेत. हा निर्णय कुठल्याही जजने घेतलेला नव्हता.

अण्णा_डोंबिवली

वाचून सुन्न झालो. आमच्या वेळी सरकारी वकील म्हणजे काळा कोट आणि तारीख एवढंच ठाऊक होतं. आता लोकांना उज्ज्वल निकम तेवढे माहीत. ते पण खास नेमलेले, रोजचं ऑफिस चालवणारे नव्हेत.

एक शंका, अमेरिकेच्या बातम्यांत 'ग्रँड ज्युरी' असं येतं, ती म्हणजे आपल्या नानावटी खटल्यातली ज्युरी तीच का?

ज्युरीत_एकदा

@अण्णा, ती नव्हे. नानावटी खटल्यातली ज्युरी दोषी-निर्दोष सांगत होती. ग्रँड ज्युरी फक्त एवढंच बघते की खटला चालवण्याइतपत पुरावा आहे का. मी नागरिक झाल्यावर मला बोलावणं आलं होतं. कुठल्या केसेस होत्या ते बोलायचं नाही, पण पद्धत सांगता येते.

न्यू जर्सीत जास्तीत जास्त २३ जण. खोलीत जज नसतो, आरोपी नसतो, त्याचा वकीलही नसतो. एपी येतो, कायद्याचं कलम वाचून दाखवतो, एक-दोन साक्षीदार आणतो (बहुतेक वेळा डिटेक्टिव्ह), आम्हाला प्रश्न विचारायला सांगतो आणि बाहेर जातो. मग आम्ही दार लावून हात वर करायचे. किमान १२ हात वर झाले की 'ट्रू बिल', खाली फोरपर्सनची (ज्युरीच्या प्रमुखाची) सही, आणि ते इंडाइटमेंट, म्हणजे खटल्याचं औपचारिक आरोपपत्र. नाही झाले तर 'नो बिल'.

एकच बाजू ऐकवतात, त्यामुळे हात वर होणारच असं सगळे म्हणतात. माझा अनुभव थोडा वेगळा. आमच्यात एक निवृत्त शाळामास्तर होते, ते प्रत्येक डिटेक्टिव्हला विचारायचे, "हे तुम्ही स्वतः पाहिलं की कुणी सांगितलं?" पहिल्या दिवशी एपीच्या कपाळाला आठी पडली. नंतर नंतर एपीच साक्षीदाराला आधी तो प्रश्न विचारून घ्यायला लागला.

टिळकरोड_ते_ओकट्रीरोड

आता माझा प्रश्न. ओळखीच्या एका काकूंचं आहे (खरंच ओळखीच्या, मी नव्हे!). मुलाकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्यात. मोठ्या दुकानात सेल्फ चेकआउटला अर्ध्या वस्तू स्कॅन झाल्या नाहीत. दारात अडवलं. माल २६० डॉलरचा. समन्स हातात दिलं, आणि त्यावर तारीख गावच्या कोर्टाची नाही, काउंटीच्या सुपीरियर कोर्टाची. मुलगा म्हणतो एवढ्याशा गोष्टीसाठी काउंटी कशाला? वर दुकानाच्या वकिलाचं पत्र आलंय, अमुक पैसे भरा. ते भरले की संपलं का?

रारितनकाठ

पैसे भरले की संपलं, हे पहिलं डोक्यातून काढा. दुकानाला दिवाणी कायद्याने भरपाई मागता येते, ते पत्र त्याचं. प्रॉसिक्युटरच्या फायलीशी त्याचा काही संबंध नाही. वकिलाला दाखवल्याशिवाय त्याला उत्तरही देऊ नका.

काउंटी का, ते २६० आकड्यामुळे. दुकानातल्या चोरीत माल २०० डॉलरच्या आत असेल तर गावच्या म्युनिसिपल कोर्टात जातं, तिथे गावाने नेमलेला म्युनिसिपल प्रॉसिक्युटर असतो (तो बहुधा अर्धवेळ, बाकीचा वेळ स्वतःची प्रॅक्टिस). २०० ते ५०० असेल तर चौथ्या दर्जाचा गुन्हा, कमाल शिक्षा १८ महिने, आणि मालक काउंटी प्रॉसिक्युटर. ५०० च्या वर तिसरा दर्जा. आकडा ऐकून काकूंना धाप लागू देऊ नका. तिसऱ्या-चौथ्या दर्जात पहिलटकराला तुरुंगात पाठवू नये हाच कायद्याचा कल आहे.

काकूंच्या वकिलाने आता स्क्रीनिंगच्या एपीशी बोलायचं. वय, कोरी पाटी, मशीनवर अर्ध्याच वस्तू लागल्याचा व्हिडिओ, पावतीवर प्रत्यक्ष भरलेले पैसे, हे सगळं इंडाइटमेंटच्या आधी समोर ठेवायचं. एपीला पटलं तर तो कलम उतरवून केस गावच्या कोर्टात परत पाठवतो. कोर्टाच्या भाषेत 'रिमांड'. (भारतातला पोलीस रिमांड नव्हे, काकूंना हा शब्द एकटीला ऐकू देऊ नका.) अशा केसेस रोज परत जातात. दुसरा रस्ता पीटीआयचा, प्रीट्रायल इंटरव्हेन्शन. अर्ज आरोपीने करायचा, पण प्रॉसिक्युटरच्या संमतीशिवाय तो जवळपास अशक्य. काही काळ देखरेख, मग आरोप रद्द.

आणि कोर्टात दुभाषी फुकट मिळतो. "माझा मुलगा सांगेल ना" म्हणू नका. मुलगा घाबरून आईच्या तोंडी नसलेली वाक्यं घालतो.

खवचट_खानावळ

सेल्फ चेकआउट काढलं दुकानाने, कॅशियरचा पगार वाचवला दुकानाने, आणि चोर काकू.

टिळकरोड_ते_ओकट्रीरोड

@खवचट, आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत.

मंजिरी_प

नाव बदलून लिहिते आहे. मैत्रिणीच्या घरी भांडण झालं, शेजाऱ्यांनी ९११ लावला, पोलिसांनी नवऱ्याला नेलं. आता ती म्हणते मला केस नको, मी तक्रार मागे घेते. तिला सांगतात की ते तुमच्या हातात नाही. असं कसं? मार तिला बसला ना?

रारितनकाठ

मंजिरी, यात दोन वेगळ्या गाड्या दोन रुळांवर धावत असतात.

एक रेस्ट्रेनिंग ऑर्डर. ती फॅमिली कोर्टात, तिच्या नावाने. तात्पुरती मिळते आणि साधारण दहा दिवसांत कायमची द्यायची की नाही याची सुनावणी. तिला ती नको असेल तर ती कोर्टात जाऊन सांगू शकते. तिला कुणी दबाव आणून पाठवलेलं नाही ना, हे खातरजमेने विचारतात.

दुसरी फौजदारी केस. त्या केसच्या मथळ्यात मैत्रिणीचं नावच नाही. एका बाजूला 'स्टेट ऑफ न्यू जर्सी', दुसऱ्या बाजूला नवरा. अंगावर जखमेची खूण दिसली तर पोलिसांना अटक करावीच लागते, तिला विचारायचं नसतं. मारहाण किरकोळ असेल तर म्युनिसिपल प्रॉसिक्युटर, गंभीर असेल तर काउंटी, पण पुढे न्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचं. तिची इच्छा ऐकून घेतात. ती साक्ष द्यायला तयार नसेल तर केस दुबळी होते, हेही त्यांना कळतं. पण ९११ चं रेकॉर्डिंग, फोटो, शेजाऱ्याचा जबाब यांच्यावर ते पुढे जाऊ शकतात, आणि जातात.

तिला एक फोन करायला सांग: त्याच ऑफिसातलं व्हिक्टिम-विटनेस युनिट. तिथे ॲडव्होकेट असतात. वकील नव्हेत, पण तारखा कळवणं, आरोपी सुटला की सांगणं, कोर्टात शेजारी बसणं, निवाऱ्याची सोय, राज्याच्या भरपाई निधीचा अर्ज, हे सगळं त्यांच्याकडे. या ऑफिसात माझा सगळ्यात जास्त वेळ त्यांच्याबरोबर जातो. एका छोट्या खोलीत टिश्यूचा डबा, लहान मुलांची रंगीत पुस्तकं, आणि ॲडव्होकेट एकच वाक्य तिसऱ्यांदा सावकाश सांगत असते, कारण समोरच्या बाईचं लक्ष दाराकडे असतं.

एक खबरदारी. तिथला एपी तिचा वकील नाही. ती जे सांगेल त्यातलं नवऱ्याला सोडवणारं काही असेल तर ते बचावाच्या वकिलाला द्यावंच लागतं. "हे फक्त तुम्हाला सांगते" असं तिथे चालत नाही.

मंजिरी_प

धन्यवाद ताई. हे तिला आजच वाचून दाखवते. नवऱ्याला जामीन किती लागेल?

रारितनकाठ

बहुधा शून्य डॉलर. १ जानेवारी २०१७ पासून न्यू जर्सीत पैशाचा जामीन जवळपास गेलाच. आत टाकल्यावर ४८ तासांत पहिली हजेरी. तोवर कोर्टाचा प्रीट्रायल विभाग एक गणित मांडतो, नऊ बाबींवरून दोन गुण, १ ते ६: तारखेला येणार नाही याचा एक, बाहेर गेल्यावर नवा गुन्हा करील याचा दुसरा. हिंसेची शक्यता दिसली तर वेगळी खूण. प्रॉसिक्युटरला वाटलं याला सोडू नये, तर त्याने डिटेन्शनचा अर्ज टाकायचा, आणि सहसा तीन कामकाजी दिवसांत सुनावणी. अर्ज टाकला नाही तर जज अटी घालून सोडतो. त्या अर्जाच्या एका पानाला किती महत्त्व आहे बघा. पूर्वी पैसेवाला बाहेर आणि कंगाल आत, ते थांबलं हे चांगलंच झालं. पण त्यामुळे तराजू जजच्या टेबलावरून थोडा प्रॉसिक्युटरच्या टेबलाकडे सरकला, हे मला दिसतं.

नागपुरी_वकीलीण

आत ठेवलेल्यांना मुदत असते का काही? आमच्याकडे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्कच मिळतो, पण ते आल्यावर खटला कितीही वर्षं.

रारितनकाठ

इथे इंडाइटमेंटला ९० दिवस, त्यानंतर खटला सुरू व्हायला १८० दिवस. त्यातून वगळायचे दिवस बरेच असतात, त्यामुळे घड्याळ थांबत थांबत चालतं. पण आहे. एपींच्या टेबलावरच्या फायलींवर ही तारीख मोठ्या अक्षरात लिहिलेली दिसते.

पावसाळी_बेलव्ह्यू

ॲटर्नी जनरल केस काढून घेऊ शकतो असं वर लिहिलंत. असं खरंच होतं का, की नुसतं कागदावर?

रारितनकाठ

होतं. २०१० मध्ये हंटर्डन काउंटीत ग्रँड ज्युरीने तिथल्या शेरीफवर आणि दोन सहकाऱ्यांवर इंडाइटमेंट दिलं. ॲटर्नी जनरलच्या ऑफिसाने ताबा घेतला आणि आरोप रद्द झाले. त्याला हरकत घेणाऱ्या एका असिस्टंट प्रॉसिक्युटरची नोकरी गेली. त्याने राज्यावर दावा लावला आणि २०१६ मध्ये १५ लाख डॉलरला तडजोड झाली. आरोप पुराव्याअभावी काढले की राजकारणामुळे, यावर दोन्ही बाजू शेवटपर्यंत ठाम होत्या. एपीला नोकरीचं फारसं संरक्षण नसतं, तो प्रॉसिक्युटरच्या मर्जीवर असतो, हे मला त्यातून नीट कळलं.

अण्णा_डोंबिवली

मग @खवचट म्हणतात तशी निवडणूकच बरी.

पावसाळी_बेलव्ह्यू

अण्णा, निवडणुकीत "मी इतक्यांना आत टाकलं" अशी पत्रकं घरी येतात. तीही वाचून बघा एकदा.

टिळकरोड_ते_ओकट्रीरोड

काकूंचं कळवते. वकील झाला. तो म्हणाला गावच्या कोर्टात परत जाण्याची शक्यता चांगली आहे. पण काकूंचा मुलगा म्हणतो, एपीने काही ऑफर दिली तर पटकन घेऊन टाकू, दंड भरू, आईला परत पाठवू. पुढच्या वर्षी नातवाच्या मुंजीला पुन्हा यायचंय त्यांना.

रारितनकाठ

मग तर अजिबात घाई नको. चोरीचा गुन्हा कबूल करणं, दंड पन्नास डॉलरचा का असेना, व्हिसाच्या खिडकीवर फार महाग पडू शकतं. फौजदारी वकिलाने इमिग्रेशनच्या परिणामांबद्दल सांगायलाच हवं असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलंय, पण ती जबाबदारी बचावाच्या वकिलाची. एपी समोर ऑफर ठेवेल, व्हिसाचं काय होईल हे सांगायला तो बांधील नाही. रटगर्स विद्यापीठातलं २०१० चं वेबकॅम प्रकरण आठवत असेल, भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याने खोलीतल्या साथीदाराला वेबकॅमवरून चोरून पाहिल्याचं. तिथे मिडलसेक्सच्या ऑफिसाने तुरुंग नाही, समाजसेवा करा, आणि देशाबाहेर काढलं जाऊ नये म्हणून मदत करू अशी ऑफर दिली होती. म्हणजे मागितलं तर हा विषय टेबलावर येऊ शकतो. त्या मुलाने ती नाकारली आणि खटला लढवला, तो भाग वेगळा.

तर काकूंच्या वकिलाला तीन गोष्टी विचारायला सांगा. कलम उतरवताना चोरीऐवजी दुसरं काही, उदाहरणार्थ गावचा एखादा नियमभंग, होऊ शकतं का. पीटीआय घेतलं तर आधी गुन्हा कबूल करावा लागणार आहे का (बऱ्याच केसेसमध्ये लागत नाही, काहींमध्ये लागतो, आणि इमिग्रेशनसाठी तो फरक फार मोठा आहे). आणि देखरेखीच्या काळात काकू भारतात असतील तर चालेल का. ही उत्तरं इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवूनच सही करा.

आरोप रद्द झाले की रेकॉर्ड पुसण्याचा अर्ज करता येतो. पीटीआयनंतर सहा महिने थांबावं लागतं. तो अर्जही प्रॉसिक्युटरच्या ऑफिसला पाठवावा लागतो, त्यांना हरकत घेता येते. रेकॉर्ड पुसलं तरी व्हिसाच्या फॉर्मवर "कधी अटक झाली होती का" या रकान्यात खरंच लिहायचं, आणि सोबत कोर्टाच्या शेवटच्या आदेशाची सर्टिफाइड प्रत जोडायची. ती प्रत आत्ताच, फाइल बंद होईल त्याच दिवशी, दोन-चार जास्तीच्या काढून ठेवा. रेकॉर्ड पुसल्यावर कोर्टाच्या काउंटरवरून ती मिळवताना नाकी नऊ येतात.

टिळकरोड_ते_ओकट्रीरोड

प्रिंट काढून मुलाला दिलं. तो आता म्हणतो, "या ताईंना मेसेज करू का थेट?" मी नाही म्हणून सांगितलंय.

रारितनकाठ

बरं केलंत. आणि तारखेला काकूंबरोबर जाल तेव्हा सिक्युरिटीच्या रांगेसाठी अर्धा तास आधी निघा. पर्समधली अडकित्ता-सुरी घरी ठेवायला सांगा.